एक वीत उतार

या लेकरांनो, बसा. माळवदावर सतरंजी टाकली आहे. आता हे खरं माळवद नाही, सिमेंटचा स्लॅब आहे हे मलाही कळतं, पण जिभेला जुना शब्द सुटत नाही. माळवद जाऊन स्लॅब का आला, ते पुढं सांगतो.

थोरल्या, तू कशाला रुसलास ते तुझ्या आईनं सांगितलं मला. गियरची सायकल आली, आणि चालवायला रस्ता नाही. आई हायवेवर जाऊ देत नाही, आणि तिचं बरोबर आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा हायवे आता चांगला रुंद झालाय. तो रुंद झाला तशा गाड्याही सुसाट झाल्या. त्यात कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर, एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, पाठीमागं दिवा नाही. तिथं सायकलवाल्यानं जायचंच नाही.

"आबा, युरोपात नदीच्या काठानं नुसते सायकलींचे रस्ते आहेत. मी व्हिडिओत बघितलंय. आपल्याकडं का नाहीत?"

आहेत की. पाटी लावलेली नाही, इतकंच.

तू बघितलेला रस्ता बहुतेक डॅन्यूब नदीचा असणार. जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, तीनशे किलोमीटरच्या वर. तो सायकलींसाठी कुणी मुद्दाम शोधून काढला नव्हता. पूर्वी माल भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध न्यायच्या म्हणजे काठावरून घोडे दोर लावून ओढायचे. घोड्यांना चालायला काठाकाठानं वाट केली होती. पुढं वाफेच्या बोटी आल्या, घोडे घरी बसले, वाट तशीच राहिली. तीच वाट पुढं सायकलींच्या वाट्याला आली. कुणाची तरी सोडून दिलेली वाट आणि शेजारी पाणी, एवढ्यावर सायकलचं भागतं.

पण पाणीच का, ते आधी कळलं पाहिजे. सपाट रस्त्यावर सायकल म्हणजे चमत्कार आहे. तेवढंच अंतर चालत जायला जेवढी ताकद लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात सायकल तुला नेते. घोडा, कबुतर, मासा कुणालाच ते जमत नाही. मात्र चढ आला की हिशेब फिरतो. तुझं वजन वर न्यायचं, सायकलचंही न्यायचं, आणि त्यात कुणी सूट देत नाही. सपाटीवर सायकल आपली चाकरी करते, चढावर आपण सायकलची.

मग सपाटी कुणाला विचारायची? पाण्याला. उतार ओळखण्यात पाण्याएवढा हुशार कुणी नाही. आपली मांजरा बघा. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात ती उगवते, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर. तिथून 724 किलोमीटर वाहून तेलंगणाच्या हद्दीत कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. तिथली उंची सव्वातीनशे मीटरच्या आसपास. आता कर भागाकार.

"पाचशे भागिले सातशे चोवीस... एका किलोमीटरला सत्तर सेंटिमीटरसुद्धा नाही!"

धाकटे, इकडं ये, उभी राहा. हे बघ, सत्तर सेंटिमीटर म्हणजे तुझी कंबर. एक किलोमीटर चालायचं आणि तेवढंच खाली उतरायचं. डोंगरातला सुरुवातीचा तुकडा उभा आहे, तो सोडला तर त्याहूनही कमी. अशा उतारावर सायकलला ना चढ कळतो ना उतार.

पण लगेच सायकल घेऊन नदीकडं पळू नका. मांजरेच्या अगदी काठानं सायकल जात नाही. दरडी उंच आहेत, दर मैलाला एखादा ओढा येऊन मिळतो, त्यात बाभळीचे काटे. नदी तिच्यापुरती वाट काढते, आपल्यापुरती नाही. आपल्यासाठी माणसानं त्याच पाण्याला दुसऱ्या वाटेनं नेलं, तो कालवा. धनेगावच्या धरणातून निघालेला कालवा आपल्या शिवाराच्या वरच्या अंगानं जातो, तुम्ही बघितलाच आहे. त्याच्या भरावावर मुरमाची वाट असते. ती पाटकऱ्याला आणि जीपला फिरायला केलेली. दिवसभरात त्या वाटेवर दोन मोटारसायकली, एक बैलगाडी आणि शेळ्यांचा कळप. झाली गर्दी.

माझ्या तरुणपणी एक म्हातारा पाटकरी होता. शाळा चौथीपर्यंत, पण कालवा त्याला तोंडपाठ. मी त्याला विचारलं, मामा, कालव्याला उतार किती असतो? त्यानं हाताचा पंजा ताणला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि म्हणाला, "एवढा. मैलाला नव्हं, किलोमीटरला." एक वीत! पुढं मी इंजिनिअर लोकांच्या तोंडून ऐकलं, मोठ्या कालव्याला पाच हजारास एक, म्हणजे किलोमीटरला वीस सेंटिमीटर, असा उतार देतात. म्हाताऱ्याची वीत बरोबर होती. याहून जास्त उतार दिला तर पाणी जोरात पळून काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसून कालवा भरून येतो. एका वितीच्या आत-बाहेर सगळा खेळ.

आणि ती वीत सांभाळायची म्हणून कालवा कधी सरळ जात नाही. टेकडी आली की तिच्या कमरेला वळसा घालतो, घळ आली की आत जाऊन परत बाहेर येतो. दोन गावांमधलं चार किलोमीटर अंतर कालव्यानं सात होतं. घाईच्या माणसाला तो रस्ता वेडा वाटेल. सायकलवाल्याला मात्र घळीच्या आतल्या वळणावर सावली मिळते आणि बाहेरच्या वळणावर सगळं खोरं पायाखाली दिसतं. आणि बघा हं, कालव्यावरून जाताना एका अंगाला ऊस, हळद, हिरवंगार. दुसऱ्या अंगाला, चढाकडं, करडई नाहीतर कोरडी ज्वारी. मधे फक्त दहा पावलांचं अंतर. पाणी चढत नाही, म्हणून वरच्या अंगाचा शेतकरी कालवा रोज बघतो आणि आभाळाची वाट बघतो. हा काही विज्ञानाचा धडा नाही, पण सायकलवरून दिसतं ते सगळंच बघावं.

कालवा सोडला तर दुसरी वाट पाणंदीची. शिवेशिवेनं जाणारी गाडीवाट, दोन्ही बाजूंना बांध, वर लिंबाची झाडं. पण पाणंदीचा भरवसा मृगापर्यंतच. एकदा पाऊस पडला की आपली काळी माती सायकलला सोडत नाही. दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामधे गोळा अडकतो, चाक फिरेनासं होतं, आणि मग माणूस सायकलवर नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर. ती माती सूक्ष्म पापुद्र्यांची असते, वहीच्या पानांसारखी. पाणी त्या पानांच्या मधे शिरतं, पानं दूर सरकतात, माती फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, पानं जवळ येतात, जमीन आक्रसते. मग भेगा. हात कोपरापर्यंत जाईल अशा. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि वरची माती खाली गेलेली असते. म्हणजे काळी आपली आपणच नांगरून घेते. हे फुगणं-आक्रसणं दरवर्षीचं. म्हणूनच तिच्यावर केलेला डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. कंत्राटदाराला शिव्या देताना थोड्या मातीलाही द्याव्यात, एवढंच माझं म्हणणं. सगळ्या नाही.

"आबा, ही माती आली कुठून?"

आलो, तिकडंच आलो. पण आधी अक्काकडं जाऊ.

तुमची मोठी आत्याआजी, माझी अक्का, बिलोलीकडं दिली होती. भाऊबिजेला मी सायकलवर जायचो. एसटी होती, पण एसटीला पैसे लागत आणि मला सायकलची खुमखुमी. बावीस इंची काळी सायकल, गियर नाही, मागच्या कॅरिअरला अनारशांचा डबा. उदगीरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी देगलूर, संध्याकाळपर्यंत बिलोली. जाताना जीव जायचा. चढामुळं नाही, वाऱ्यामुळं. पावसाळ्यात आपल्याकडं वारा नैऋत्येचा असतो. दिवाळीला तो फिरतो आणि ईशान्येकडून येतो. बिलोली, नांदेड आपल्या ईशान्येला. म्हणजे भाऊबिजेला जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की वारा चौपट ढकलतो. म्हणून तोंडावर वारा असला की घाई करणारा मूर्ख. मी पहिल्या वर्षी मूर्ख होतो. अनारशांचा डबा घेऊन अक्काच्या दारात पोचलो तेव्हा उभं राहता येईना.

पण त्या वाटेवर मी जे बघितलं ते विसरलो नाही. उदगीरपर्यंत सगळं ओळखीचं. काळी रानं, माथा कापल्यासारख्या सपाट टेकड्या, टेकडीच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्या. देगलूरकडं उतरलो आणि दगडाचा रंगच बदलला. काळा गेला, तांबूस-करडा आला. गोलगोल धोंडे, एकावर एक रचल्यासारखे, त्यात चमचमणारे कण. मातीही वाळूमिश्रित, लालसर. मला वाटलं, दुसऱ्या देशात आलो.

दुसऱ्या देशात नाही, दुसऱ्या काळात आलो होतो. काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी डोक्यात आणू नका. भेगांतून आलेला, पसरलेला, थरावर थर साचलेला लाव्हा. टेकड्यांच्या त्या पायऱ्या म्हणजे ते थर. स्वीडिश भाषेत जिन्याला ट्राप्पा म्हणतात, त्यावरून या दगडाला ट्रॅप हे नाव पडलं. आपली काळी माती त्याच दगडाची झिजून झालेली. पश्चिमेला हा लाव्हा खूप जाड आहे, पूर्वेकडं येईल तसा पातळ होत जातो. देगलूर-बिलोलीला त्याची कड संपते. गोधडीची कड संपून खालची चटई दिसावी तसं. ती चटई ग्रॅनाइट आणि त्याच्या भावकीतल्या दगडांची, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासची. अनारशांचा डबा घेऊन मी दोन दिवसांत अडीचशे कोटी वर्षं मागं गेलो होतो, आणि मला वाटत होतं मी अक्काकडं चाललोय.

आता माळवदाची गोष्ट. 1993 साली गणपती विसर्जन झालं, आणि त्या रात्री, 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या गावात भांडी वाजली, भिंतीला तडे गेले. किल्लारी, सास्तूरकडं गावंच्या गावं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर हातभर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर तेच आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर तुमच्या पणजीनं हट्ट धरला, माळवद उतरवा. म्हणून हा स्लॅब.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल भोक पाडलं, खाली काय आहे बघायला. 338 मीटर काळा बेसाल्ट लागला. त्याच्या खाली जेमतेम आठ मीटर गाळ, लाव्हा यायच्या आधीच्या जमिनीवर साचलेला. आणि त्याखाली? तोच जुना दगड, देगलूरच्या धोंड्यांच्या पिढीचा. किल्लारीला जो बघायला तीनशे-साडेतीनशे मीटर खाली जावं लागतं, तो देगलूरला सायकल टेकवायला उपयोगी पडतो.

धाकटे, जा, आतून ती लोणच्याची जुनी बरणी आण. आणि खिडकीतली बाटली. आणि फुटक्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक.

बरणीत आहे ती आपल्या इथल्या मांजरेची वाळू. काळपट, बारीक खडे, चुनखडीचे दाणे. बाटलीत आहे ती बिलोली तालुक्यातली. अक्काच्या लेकरांनी मला रुमालात बांधून दिली होती. बघा, सोनेरी-तांबूस, दाणा दाणा वेगळा. आता कागदावर आपली वाळू पसर आणि कागदाच्या खालून चुंबक फिरव.

"आबा, मिशा उभ्या राहायल्यात!"

राहणारच. बेसाल्टात लोहाचं खनिज असतं, मॅग्नेटाइट. दगड झिजला तरी तो कण टिकतो आणि वाळूत येतो. आता बाटलीतली घे. बघितलंस? एखाद-दुसरा कण हलतो, बाकी ढिम्म. ती गारेची वाळू, ग्रॅनाइटातली. बेसाल्टात गार जवळजवळ नसतेच, म्हणून आपल्या इथं बांधकामाला चांगली वाळू मिळत नाही आणि सगळे बिलोलीच्या वाळूमागं लागतात.

"पण नदी तर एकच ना? मांजराच?"

हेच विचारायचं होतं तुला. मांजरा लातूर जिल्ह्यातून निलंग्याकडून बाहेर पडते, कर्नाटकात बिदरकडं जाते, मग तेलंगणात. तिथं सिंगूर आणि निजामसागर अशी दोन मोठी धरणं तिला अडवतात. तिथंच ती एकदम उत्तरेला वळते आणि फिरून पुन्हा महाराष्ट्राच्या शिवेवर येते, देगलूर, बिलोलीला. जाताना काळी, येताना सोनेरी, कारण मधला बराचसा मुलूख त्या तांबड्या दगडाचा. अक्काही दर पंचमीला माहेरी यायची तेव्हा तिच्या बोलण्यात चार शब्द तेलुगू असायचे. तसंच हे. त्या वाळूपायी हल्ली नदीकाठच्या रस्त्यांवर हायवा ट्रकांची रांग असते, म्हणून तिकडं सायकल न्यायची तर पहाटेच, आणि मोठा रस्ता सोडून. मन्याड नदीवरच्या बारूळच्या धरणाचा कालवा आहे, तो धरायचा.

आणखी एक. रेणापूर तालुक्यात हारवाडीला मांजरेच्या जुन्या गाळात प्राण्यांची हाडं सापडली, दगड झालेली. हत्ती, आणि पाणघोडासुद्धा. हसू नका. शेवटच्या हिमयुगाच्या काळात आपल्या लातूरच्या नदीत पाणघोडा डुंबत होता. त्याला बारमाही डोह लागतो. आणि त्याच लातूरला 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. थोरल्या, तू तेव्हा रांगत होतास. ती गाडी मिरज-कुर्डुवाडी-लातूर आली, म्हणजे जिथून बार्शी लाइटची अडीच फुटी छोटी रेल्वे धावायची त्याच मुलखातून. आगगाडीलाही चढ सोसत नाही, म्हणून तीही सायकलसारखीच उतार हुंगत जाते. परदेशात तर बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांची वाट सायकलला देऊन टाकतात.

झोप आली? एकच सांगतो, मग जा.

1815 साली इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. इतकी राख उडाली की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, घोड्यांना दाणा महाग झाला. आणि 1817 च्या जूनमधे, 12 तारखेला, जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात, मानहाइम गावात, कार्ल ड्राइस नावाच्या माणसानं दोन चाकांचं लाकडी वाहन बाहेर काढलं. पायडल नव्हतं, पायानं जमीन ढकलत जायचं. घोडे कमी पडले म्हणून त्याला हे सुचलं, असं काही अभ्यासक म्हणतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र पटायला आवडतं. एका ज्वालामुखीनं आपल्याला रान दिलं, आणि दुसऱ्यानं कदाचित सायकल.

बरं. उद्या पहाटे साडेपाचला. कालव्याला रब्बीचं पाणी सुटलंय. हवा भरून ठेवा, पंक्चरचं सामान माझ्याकडं आहे. काठापासून दोन हात लांब राहायचं. कालव्याच्या भिंतीला शेवाळ असतं, पाय घसरला तर वर येता येत नाही. आणि पाण्याची बाटली काठोकाठ भरायची नाही, थोडी हवा ठेवायची.

"हवा कशाला?"

पुलाच्या कठड्यावर बाटली आडवी ठेवू, गवंड्याच्या पाणसळीसारखी. बुडबुडा मधोमध थांबेल. तुम्ही म्हणाल, आबा, इथं तर उतारच नाही. मग धाकटी लिंबाचं एक पान पाण्यात टाकेल. आणि आपण सायकली हळूहळू त्याच्या बरोबरीनं न्यायच्या, जेवढ्या हळू पडल्याशिवाय नेता येतील तेवढ्या. बघू, पुढच्या पुलाखालून आधी कोण बाहेर पडतं.